आंदीजच्या दोन उतारांवर

चिली आणि अर्जेंटिना हे देश आंदीज पर्वताच्या दोन उतारांवर वसले आहेत. भाषा एक, धर्म एक, पोपही एकच. ११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीत आणि २४ मार्च १९७६ रोजी अर्जेंटिनात लष्कराने सत्ता बळकावली. दोन्हीकडच्या सेनापतींनी आपण ख्रिस्ती संस्कृतीचे रक्षण करत असल्याचा दावा केला. दोन्हीकडे माणसे घरांतून, कारखान्यांतून, रस्त्यांवरून उचलली गेली आणि पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडली नाहीत. मात्र या दोन देशांतल्या कॅथलिक बिशपांचे वर्तन सारखे नव्हते. जुलमी राजवटीत धर्मप्रमुखाची नैतिक जबाबदारी नेमकी कशात असते, याचा निवाडा धर्मशास्त्राच्या ग्रंथांतूनही करता येतो. पण सान्तियागोहून घाट ओलांडून ब्युनॉस आयर्सला आणि तिथून ला रियोहाच्या कोरड्या माळापर्यंत गेले, तर तो प्रश्न जागोजागी, दगडविटांत आणि कागदांत समोर येतो. मी तोच मार्ग धरला, आणि पुढील वर्णनाचा क्रमही तोच आहे.

सान्तियागोच्या मध्यभागी प्लासा दे आर्मास हा मोठा चौक आहे. ताडाची झाडे, बुद्धिबळ खेळणारी म्हातारी माणसे, फेरीवाले आणि एका कडेला कॅथेड्रल. कॅथेड्रलला खेटून आर्चबिशपांचा जुना वाडा उभा आहे. १ जानेवारी १९७६ पासून १९९२ च्या अखेरीपर्यंत या वाड्यात ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ ही संस्था चालत असे. तिच्या नावाचा अर्थ ऐक्यभावाचे धर्मकार्यालय असा होतो. बेपत्ता झालेल्यांच्या आया आणि बायका सकाळपासून या दाराशी येत. आत त्यांना वकील भेटे, डॉक्टर भेटे, आणि त्यांची हकीकत लिहून घेणारा माणूस भेटे. त्या काळच्या चिलीत सरकारविरुद्धची तक्रार निर्भयपणे लिहून घेतली जाईल अशा जागा फारच थोड्या होत्या. त्यांतली सर्वांत मोठी ही होती.

ही जागा आपोआप निर्माण झाली नाही. सुरुवातीचे दिवस चिलीच्या चर्चलाही फारसे भूषणावह नव्हते. अध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांच्या ला मोनेदा राजवाड्यावर विमानांतून बाँब पडले, आणि दोनच दिवसांनी बिशपांच्या स्थायी समितीने पत्रक काढले. त्यात सांडलेल्या रक्ताबद्दल दुःख होते, पण नव्या सत्ताधीशांच्या देशप्रेमावर विश्वासही होता. १८ सप्टेंबरला, स्वातंत्र्यदिनाच्या आभारप्रार्थनेला, लष्करी मंडळ चर्चमध्ये हजर राहिले आणि कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांनी ती प्रार्थना चालवली. काही बिशप तर उघडपणे लष्कराच्या बाजूचे होते. म्हणजे चिलीत सगळे संत आणि अर्जेंटिनात सगळे पापी, अशी सोपी वाटणी करता येत नाही. फरक पडला तो पुढच्या काही आठवड्यांत. सिल्वा एन्रिकेस यांच्या दाराशी लोक येऊ लागले, आणि त्यांनी दार लावून घेतले नाही.

सिल्वा एन्रिकेस हे सलेशियन संघाचे धर्मगुरू, १९६१ पासून सान्तियागोचे आर्चबिशप. धर्मगुरू होण्याआधी त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले होते, आणि ते शिक्षण पुढे फार उपयोगी पडले. ऑक्टोबर १९७३ मध्ये कॅथलिक, लुथरन, मेथडिस्ट आणि ज्यू धर्मप्रमुखांनी मिळून शांततेसाठी एक सहकार समिती स्थापन केली. लुथरन बिशप हेल्मुट फ्रेंझ आणि कॅथलिक सहायक बिशप फेर्नांदो आरिस्तिया तिचे प्रमुख होते. अटक झालेल्यांना शोधणे, कामावरून काढलेल्यांना आधार देणे, परदेशी निर्वासितांना बाहेर काढणे ही कामे समिती करी. फ्रेंझ यांना १९७५ साली देशात परत येण्यास मनाई झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस चिलीचे हुकूमशहा ऑगुस्तो पिनोशे यांनी समिती बंद करण्याची लेखी मागणी केली. सिल्वा एन्रिकेस यांनी समिती विसर्जित केली आणि दुसऱ्याच दिवशी तेच काम आपल्या धर्मप्रांताचा एक विभाग म्हणून सुरू केले. सर्वधर्मीय समितीवर बंदी घालणे सोपे होते. कार्डिनलच्या स्वतःच्या कार्यालयाला टाळे ठोकायचे, तर सरकारला थेट रोमशी वैर पत्करावे लागले असते. कायदा जाणणाऱ्या माणसाची ही खेळी होती. पण केवळ खेळी म्हणून तिच्याकडे पाहिले तर तिचे मोल कमी होईल. संस्थेची सगळी प्रतिष्ठा, मालमत्ता आणि परदेशातले वजन दाराशी उभ्या असलेल्या बाईच्या मागे लावायचे, असा तो निर्णय होता.

विकारियाच्या कामाचा कणा कायदेशीर होता. माणूस उचलला गेला की वकील हेबियस कॉर्पसचा, म्हणजे त्याला न्यायालयापुढे हजर करण्याच्या मागणीचा, अर्ज करीत. असे हजारो अर्ज झाले. न्यायालयांनी त्यांतले जवळजवळ सगळे फेटाळले. तरी अर्ज होत राहिले, कारण प्रत्येक अर्जामुळे नाव, तारीख, जागा, साक्षीदार आणि सरकारचे खोटे उत्तर कागदावर येत होते. यासोबत मुलांसाठी जेवणघरे होती, दवाखाने होते, ‘सोलिदारिदाद’ नावाचे नियतकालिक होते. बेपत्ता माणसांच्या घरच्या बायका शिवणकामाच्या कार्यशाळांत बसत. पोत्याच्या कापडावर चिंध्या टाकून त्या चित्रे शिवत : रिकामी खुर्ची, बंद कारखाना, दाराशी उभी असलेली पोलिसांची गाडी. आपल्याकडच्या गोधडीची आठवण व्हावी असे हे काम आहे. सान्तियागोच्या स्मृती आणि मानवाधिकार संग्रहालयात अशी अनेक कापडे पाहायला मिळतात. एका बोटभर बाहुलीचा चेहरा काड्यापेटीच्या काडीच्या गुलाएवढा, पण तिच्या हातातल्या फलकावर ‘कुठे आहेत?’ हा प्रश्न धाग्याने स्पष्ट शिवलेला असतो. ही कापडे चर्चच्या ओळखींतून परदेशी विकली जात आणि बायकांच्या घरी चूल पेटे.

शहराच्या नैर्ऋत्येला लोन्केन गावाजवळ चुन्याच्या जुन्या भट्ट्या होत्या. नोव्हेंबर १९७८ मध्ये तिथे माणसांचे सांगाडे असल्याची खबर एका धर्मगुरूमार्फत विकारियाकडे आली. इथे चर्चपुढे दोन वाटा होत्या. सरकारला गुपचूप पत्र लिहायचे, किंवा स्वतः जाऊन पाहायचे. सहायक बिशप एन्रिके अल्वेआर, विकारियाचे प्रमुख फादर क्रिस्तियान प्रेख्त, वकील आणि पत्रकार यांचा गट भट्ट्यांपाशी गेला, खात्री केली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षांना कळवले. आत १५ जणांचे अवशेष होते. ७ ऑक्टोबर १९७३ रोजी इस्ला दे माइपो या गावातून पोलिसांनी नेलेले हे शेतमजूर आणि तरुण होते. एका घरातले वडील आणि चार मुलगे त्यांत होते. बेपत्ता ठरवलेली माणसे मारली गेली होती, याचा निर्विवाद पुरावा देशापुढे प्रथमच आला. सरकारने पुढे अवशेष कुटुंबांच्या हाती न देता परस्पर पुरले. भट्ट्या सुरुंगाने उडवून दिल्या. पण कागद तयार झाला होता, आणि तो नष्ट करता आला नाही.

चिलीच्या बिशपांच्या नोंदीत एक गोष्ट मात्र खटकते. ऑगस्ट १९७६ मध्ये तीन बिशप इक्वादोरहून परतले तेव्हा सान्तियागोच्या विमानतळावर सरकारी हस्तकांनी त्यांच्याशी धक्काबुक्की केली, दगड मारले. बिशपांच्या समितीने तत्काळ जाहीर केले, की बिशपांवर हात टाकणारे धर्मबहिष्कृत झाले आहेत. सामान्य माणसांचा छळ करणाऱ्यांवर तोच बहिष्कार घालायला डिसेंबर १९८० उजाडला, आणि तेव्हाही तो सात बिशपांनी आपापल्या धर्मप्रांतापुरता घातला. बिशपाच्या अंगाला हात लागला की काही दिवसांत, आणि कामगाराच्या नखांत विजेच्या तारा खुपसल्या की सात वर्षांनी. सिल्वा एन्रिकेस यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही हा हिशोब मांडावाच लागतो.

ला विक्तोरिया ही सान्तियागोच्या दक्षिण भागातली कष्टकऱ्यांची वस्ती. १९५७ साली बेघर लोकांनी मोकळ्या जमिनीवर झोपड्या बांधून ती वसवली. इथे आंद्रे जार्लां आणि पियेर द्युबुआ हे फ्रेंच धर्मगुरू लाकडी घरात राहत. ४ सप्टेंबर १९८४ रोजी निदर्शनांच्या दिवशी पोलिसांच्या गोळ्या वस्तीत शिरल्या. त्यांतली एक घराच्या पातळ फळ्या भेदून वरच्या खोलीत गेली. जार्लां टेबलापाशी बायबल वाचत बसले होते. गोळी मानेत लागली आणि ते उघड्या पानावर डोके टेकून गेले. पान स्तोत्रसंहितेचे होते. ते घर वस्तीने जपले आहे. खोली इतकी लहान आहे की दोन माणसे उभी राहिली तर तिसऱ्याला वळता येत नाही, आणि भिंतीची फळी बोटाच्या जाडीची. ज्या राजवटीत चर्चच्या माणसाला वाड्यात संरक्षण होते आणि वस्तीत नव्हते, त्या राजवटीत बिशपाने कुणासाठी बोलायचे, याचे उत्तर त्या फळीकडे पाहिले की मिळते.

चिलीच्या या कथेला पुढेही गाठी आहेत. विकारियाच्या दस्तऐवज विभागाचे प्रमुख होसे मानुएल पारादा हे समाजशास्त्रज्ञ आणि कम्युनिस्ट होते. मार्च १९८५ मध्ये पोलिसांनी त्यांना आणि आणखी दोघांना पळवून गळे चिरून मारले. चर्चच्या कार्यालयात एक कम्युनिस्ट एवढ्या विश्वासाच्या जागी होता, ही गोष्ट त्या संस्थेबद्दल बरेच सांगते. पुढे लष्करी सरकारी वकिलाने विकारियाच्या नोंदी मागितल्या. तेव्हाचे प्रमुख बिशप सेर्खियो वालेच यांनी त्या देण्यास साफ नकार दिला. लोकशाही परतल्यावर मृत आणि बेपत्ता व्यक्तींची चौकशी करणाऱ्या रेतिग आयोगाने याच नोंदींचा मोठा आधार घेतला. छळाची चौकशी करणारा दुसरा आयोग २००३ साली नेमला गेला तेव्हा त्याच्या अध्यक्षपदी वालेच होते. त्या आयोगाने २००४ च्या अहवालात २७,२५५ जणांचा राजकीय कैद आणि छळाचे बळी म्हणून स्वीकार केला. याच्या जोडीला एक कडवट सत्यही नोंदवले पाहिजे. विकारियाचे पहिले प्रमुख, लोन्केनला गेलेले प्रेख्त, लैंगिक अत्याचारांच्या आरोपांत चर्चच्या चौकशीत दोषी ठरले आणि २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना धर्मगुरूपदावरून काढले. एका आघाडीवरचे धैर्य दुसऱ्या आघाडीवरच्या अपराधाला झाकू शकत नाही. तसेच त्या अपराधामुळे लोन्केनचा पुरावा खोटा ठरत नाही.

सान्तियागोहून अर्जेंटिनातल्या मेन्दोसाला जाणारा रस्ता नागमोडी वळणांनी घाट चढतो आणि बोगद्यातून पलीकडे उतरतो. बोगद्याच्या बऱ्याच वर, जुन्या खिंडीत, ३,८०० मीटरच्या आसपास ख्रिस्ताचा ब्राँझचा पुतळा आहे. सीमेवरून युद्ध होता होता टळले म्हणून १९०४ साली दोन्ही देशांनी तो उभारला. १९७८ च्या डिसेंबरात बीगल खाडीतल्या बेटांवरून दोन्ही हुकूमशहा पुन्हा युद्धाच्या काठावर आले. या वेळी दोन्हीकडचे कार्डिनल आणि पोपचे राजदूत कामाला लागले, पोप जॉन पॉल दुसरे यांनी कार्डिनल आंतोनियो सामोरे यांना मध्यस्थ म्हणून पाठवले आणि युद्ध थांबले. ही घटना इथे महत्त्वाची आहे. अर्जेंटिनाचे सेनापती चर्चचे ऐकतच नसत, हे समर्थन तिच्यापुढे टिकत नाही. चर्चने पूर्ण वजन टाकले तेव्हा त्यांनी ऐकले. प्रश्न एवढाच उरतो, की बेपत्ता माणसांसाठी ते वजन का टाकले गेले नाही.

ब्युनॉस आयर्समध्ये सत्तेची आणि धर्माची घरे एकाच चौकात आहेत. प्लासा दे मायोच्या एका टोकाला अध्यक्षांचा गुलाबी प्रासाद आणि कडेला बारा खांबांचे कॅथेड्रल. ३० एप्रिल १९७७ रोजी चौदा बायका मुलांचा ठावठिकाणा विचारायला या चौकात प्रथम जमल्या. थांबून राहण्यास मनाई असल्यामुळे त्या मध्यावरच्या स्तंभाभोवती फेऱ्या मारू लागल्या. त्यांचा प्रसिद्ध पांढरा रुमालही एका धार्मिक यात्रेतून आला. त्याच वर्षी लुहान येथील मरियामातेच्या यात्रेत गर्दीत एकमेकींना ओळखता यावे म्हणून त्यांनी बाळांचे लंगोट डोक्याला बांधले होते. या बहुतेक जणी श्रद्धाळू कॅथलिक होत्या. त्यांना सर्वांत आधी आठवला तो बिशपच. आणि चौकातल्या कॅथेड्रलची दारे आपल्याला बंद मिळाली, असे त्यांच्यापैकी अनेकींनी पुढे सांगितले आहे.

एक दार उघडे असे, ते नौदलाच्या स्टेला मारिस चर्चचे. लष्करी धर्मप्रांताचा सचिव असलेला धर्मगुरू तिथे आयांना भेटे, माहिती विचारी आणि कार्डावर टिपून घेई. अशी सुमारे अडीच हजार कार्डे जमली. सान्तियागोच्या वाड्यातही नावे लिहिली जात होती आणि इथेही. तिथले नाव दुसऱ्या दिवशी न्यायालयात अर्ज होऊन जाई, इथले खणात पडून राही. काही आयांना आपण दिलेली माहिती लष्कराकडेच गेली असा संशय कायम राहिला. कार्ड तेच, शाई तीच, पण नैतिक जबाबदारीचा सगळा निकाल त्या कागदाचे पुढे काय झाले यावर लागतो.

बिशपांना माहिती नव्हती, असे म्हणण्याला आता जागा नाही. एप्रिल १९७८ मध्ये बिशप परिषदेचे अध्यक्ष कार्डिनल राउल प्रिमातेस्ता, ब्युनॉस आयर्सचे कार्डिनल हुआन कार्लोस आराम्बुरू आणि आर्चबिशप विसेन्ते सास्पे यांनी हुकूमशहा होर्खे व्हिदेला यांच्यासोबत जेवण घेतले. त्या भेटीचे टिपण परिषदेच्या दप्तरात सापडले. बेपत्ता माणसे मारली गेली आहेत हे त्या टेबलावर गृहीतच होते. चर्चा चालली ती हे लोकांना सांगायचे कसे, याची. टिपण दप्तरात गेले आणि तीस वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिले. त्याच आराम्बुरूंनी १९८२ साली एका इटालियन दैनिकाला मुलाखत देताना सामूहिक कबरी असल्याचे नाकारले आणि बेपत्तांपैकी काही जण युरोपात सुखाने राहत असल्याचे सुचवले. लोकशाही आल्यावर १९८४ च्या राष्ट्रीय आयोगाने ८,९६० बेपत्तांची नोंद केली. मानवाधिकार संघटना ३०,००० हा आकडा धरतात.

गप्प बसण्याच्या पलीकडे गेलेलेही होते. लष्करी धर्मप्रांताचे प्रमुख आर्चबिशप आदोल्फो तोर्तोलो आणि त्यांचे सहकारी बिशप व्हिक्तोरियो बोनामिन यांनी लष्कराच्या मोहिमेला धर्मयुद्धाचा रंग दिला. नौदल अधिकारी आदोल्फो सिलिंगो याने १९९५ साली कबूल केले, की कैद्यांना गुंगीचे औषध देऊन विमानातून जिवंत समुद्रात टाकले जाई, आणि अशा उड्डाणावरून परतल्यावर लष्करी धर्मगुरूने त्याला हा ख्रिस्ती मृत्यूच आहे असे सांगून धीर दिला. पोलिसांचे धर्मगुरू क्रिस्तियान फोन व्हेर्निख हे छळछावण्यांत कैद्यांना भेटत आणि विश्वासाने सांगितलेले पोलिसांच्या हवाली करीत. २००७ साली ला प्लाताच्या न्यायालयाने सात खून आणि बेचाळीस अपहरणांमधल्या सहभागाबद्दल त्यांना जन्मठेप दिली. शिक्षेनंतरही त्यांचे धर्मगुरूपद काढून घेतले गेले नाही.

बेल्ग्रानो या सुखवस्तू भागात सान पात्रिसियो चर्च आहे. ४ जुलै १९७६ च्या पहाटे इथल्या निवासात तीन पॅलोटाइन धर्मगुरू आणि दोन तरुण धर्मविद्यार्थी यांना ओळीने पाडून गोळ्या घालण्यात आल्या. ते ज्या लाल गालिच्यावर पडले तो चर्चने जपून ठेवला आहे. दुरून तो साधा, झिजलेला, कुठल्याही चर्चच्या निवासात असावा तसा गालिचा वाटतो. जवळ गेले की धाग्यांतली भोके दिसतात. बाजूचे सूत आत वळलेले, कडा राठ. वरून खाली झाडलेल्या गोळ्यांच्या त्या खुणा आहेत. या हत्याकांडानंतर बिशपांच्या नेतृत्वाने जुंटाला, म्हणजे सत्ताधारी लष्करी मंडळाला, पत्र पाठवून चिंता कळवली. स्वतःचीच पाच माणसे मारली गेल्यावरही शब्द पत्रातच राहिला.

खासगी रदबदली हे अर्जेंटिनाच्या बिशपांच्या बचावाचे मुख्य सूत्र आहे, आणि ते एका वाक्यात उडवून लावणे अन्यायाचे होईल. अशा रदबदलीने काही माणसे सुटलीही. जाहीर बोललो असतो तर आणखी माणसे मेली असती, ही भीती सगळीच ढोंगी नव्हती. पण कुठल्याही मार्गाची परीक्षा त्याच्या परिणामावर होते. पहिल्या पत्राला थापेबाज उत्तर आले, दहाव्यालाही तेच आले, तरी अकरावे पत्र त्याच पाकिटात घालायचे, याला मुत्सद्देगिरी म्हणता येत नाही. शिवाय त्या गुप्ततेचा फायदा राजवटीला झाला. जनरल रविवारी मिस्सेला पहिल्या रांगेत दिसत आणि बिशप त्यांना ख्रिस्तप्रसाद देताना दिसत. लोकांना दिसत होते ते एवढेच.

होर्खे बेर्गोलियो, म्हणजे पुढचे पोप फ्रान्सिस, तेव्हा जेझुइट संघाचे प्रांतप्रमुख होते. त्यांच्या संघातले ओर्लांदो योरियो आणि फ्रान्झ यालिच हे गरीब वस्तीत काम करणारे दोन धर्मगुरू मे १९७६ मध्ये पळवले गेले आणि पाच महिन्यांनी सुटले. बेर्गोलियो यांनी आपल्याला उघड्यावर सोडले, असे योरियो यांनी २००० साली मृत्यू येईपर्यंत मानले. यालिच यांनी २०१३ साली जाहीर केले, की बेर्गोलियोंनी आपली चुगली केली नव्हती. बेर्गोलियोंनी अनेकांना लपवले, देशाबाहेर काढले, याच्याही साक्षी आहेत. माझ्या मते त्यांना सहभागी ठरवण्याजोगा पुरावा नाही. ते गुपचूप माणसे वाचवणाऱ्यांतले होते, उघड आवाज उठवणाऱ्यांतले नव्हते.

त्यांच्याशी जोडलेली एक जागा सान क्रिस्तोबाल भागात आहे. सांता क्रूस चर्च हे पॅशनिस्ट संघाचे, विटांचे, उंच मनोऱ्याचे. इथे आया जमत. आल्फ्रेदो आस्तिस हा नौदल अधिकारी बेपत्ताचा भाऊ असल्याचे सोंग घेऊन त्यांच्यात मिसळला, आणि ८ ते १० डिसेंबर १९७७ या दिवसांत बारा जणांना उचलण्यात आले. त्यांत आयांच्या संघटनेच्या संस्थापक आसुसेना व्हियाफ्लोर होत्या. आलिस दोमों आणि लेओनी द्युके या फ्रेंच जोगिणी होत्या. एस्थेर बायेस्त्रिनो याही होत्या. तरुणपणी रसायनशाळेत बेर्गोलियो त्यांच्या हाताखाली काम करत. बायेस्त्रिनो यांची गरोदर मुलगी तोवर सुटून आली होती. तरी इतरांची मुले परत यायची आहेत म्हणून त्या येत राहिल्या. या बायकांना समुद्रात टाकले गेले, प्रेते किनाऱ्याला लागली, बेवारस म्हणून पुरली गेली. २००५ साली न्यायवैद्यक शास्त्रज्ञांनी ओळख पटवल्यावर आर्चबिशप बेर्गोलियोंच्या परवानगीने बायेस्त्रिनो, मारिया पोन्से आणि लेओनी द्युके यांना याच चर्चच्या बागेत पुरले. आलिस दोमों यांचे अवशेष अजून मिळालेले नाहीत.

दोन देशांतला हा फरक केवळ व्यक्तींच्या स्वभावाचा नव्हता. चिलीत चर्च आणि सरकार १९२५ सालीच वेगळे झाले होते. अर्जेंटिनाच्या राज्यघटनेचे दुसरे कलम सरकारने कॅथलिक धर्माला पोसावे असे सांगते, आणि १९७९ साली जुंटाने कायदाच केला, की बिशपांना न्यायाधीशाच्या पगाराच्या ऐंशी टक्के मानधन मिळावे. १९५७ पासून लष्करासाठी वेगळा धर्मप्रांत होता आणि छावण्यांतले धर्मगुरू अधिकाऱ्यांच्या जगातच राहत. चिलीच्या बिशपांनी १९६० च्या दशकात चर्चच्या जमिनी कुळांना वाटल्या होत्या. गावांशी आणि वकिलांशी त्यांची ओळख जुनी होती. तरीही रचनेवर सगळे ढकलता येत नाही. अर्जेंटिनातही नेउकेनचे हाइमे दे नेवारेस, व्हिएद्माचे मिगेल एसायने आणि किल्मेसचे होर्खे नोव्हाक हे बिशप त्याच घटनेखाली होते आणि तरी बोलले. एमिलिओ मिन्योने या कॅथलिक वकिलांची मुलगी मोनिका मे १९७६ मध्ये बेपत्ता झाली. चर्च आणि हुकूमशाही यांवरच्या १९८६ च्या पुस्तकात त्यांनी ऐंशीहून अधिक बिशपांत जाहीर विरोध करणारे मोजून चारच दाखवले.

त्या चारांतले चौथे एन्रिके आन्खेलेली. त्यांचा धर्मप्रांत ला रियोहा, देशाच्या वायव्येला. राजधानीहून बस रात्रभर धावते आणि सकाळी खिडकीबाहेर काटेरी झुडपे, निवडुंग आणि पांढरी माती दिसू लागते. आन्खेलेली यांनी इथल्या शेतमजुरांच्या सहकारी संस्थांना पाठिंबा दिला म्हणून जमीनदारांनी त्यांना दगड मारून हाकलले होते. १८ जुलै १९७६ रोजी चामिकाल गावातून त्यांचे दोन धर्मगुरू, कार्लोस मुरियास आणि गाब्रिएल लोंगेव्हील, उचलले गेले आणि ठार झाले. आठवडाभरात व्हेन्सेस्लाओ पेदेर्नेरा या शेतकरी कार्यकर्त्याला घराच्या दारात गोळ्या घातल्या. आन्खेलेली चामिकालला गेले, साक्षी गोळा केल्या आणि ४ ऑगस्टला कागद घेऊन गाडीने परत निघाले. पुंता दे लोस यानोस इथे सरळ, सपाट रस्त्यावर त्यांची गाडी उलटवण्यात आली. सोबतचे फादर आर्तुरो पिन्तो वाचले. कागद गायब झाले. त्या जागी आज छोटे प्रार्थनास्थळ आहे. रस्ता दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर सरळ आहे, आणि इथे गाडी आपोआप उलटली असेल यावर विश्वास ठेवणे तिथे उभे राहिलेल्या माणसाला जड जाते. वरिष्ठ धर्मप्रमुखांनी मात्र वर्षानुवर्षे तो अपघातच मानला.

४ जुलै २०१४ रोजी ला रियोहाच्या न्यायालयाने हा खून असल्याचा निकाल दिला आणि जनरल लुसियानो बेन्हामिन मेनेन्देस आणि कोमोदोर लुइस फेर्नांदो एस्त्रेया यांना जन्मठेप सुनावली. पुराव्यात पोप फ्रान्सिस यांनी पाठवलेली कागदपत्रे होती. त्यांत आन्खेलेली यांनी पोपचे राजदूत पिओ लागी यांना १९७६ च्या जुलैत लिहिलेले पत्र आणि चामिकालच्या खुनांची हकीकत होती. मारेकऱ्यांनी गाडीतले कागद नेले, पण त्यांतला मजकूर रोमला पोचला होता. तो अडतीस वर्षे तिथे होता. एप्रिल २०१९ मध्ये आन्खेलेली आणि त्यांचे तिघे सहकारी यांना चर्चने धन्यवादित घोषित केले.

अर्जेंटिनाच्या बिशपांनी २००० साली कोर्दोबात जाहीर क्षमा मागितली. २०१२ च्या पत्रात तिचा पुनरुच्चार केला. २०१६ साली दप्तराचे अंकीकरण पूर्ण झाल्याचे जाहीर झाले आणि बळी, त्यांचे नातेवाईक, आणि बळी धर्मगुरू असल्यास त्यांच्या संघाचे वरिष्ठ यांना आपापल्या प्रकरणाचे कागद मिळू लागले. २०२३ पासून त्या दप्तरावर आधारलेला त्रिखंडी इतिहास परिषदेच्याच पुढाकाराने प्रसिद्ध झाला. सरकारी मानधनही बिशपांनी त्याच वर्षाच्या अखेरीस पूर्ण सोडले. ही पावले खरी आहेत आणि त्यांची किंमत कमी करण्याचे कारण नाही. परंतु ज्यांच्या घरातली म्हातारी माणसे वाट पाहून गेली आणि अर्ज करायला कुणी उरले नाही, त्यांच्या नावाचे कागद २०१६ च्या त्या अटीमुळे खणातच राहतात. सान्तियागोतल्या विकारियाच्या नोंदी आयोगांना मिळाल्या, न्यायालयांना मिळाल्या, इतिहासाच्या अभ्यासकांना मिळतात. ब्युनॉस आयर्स आणि रोम इथले दप्तरही तसेच, अर्जदार कोण हे न विचारता, खुले व्हायला हवे.